लांब केस स्ट्रेट करायचे, पण शेंडे न जाळता

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत, ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोचलेल्या केसाचा शेंडा पाच-सहा वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेला असतो. तेवढ्या वर्षांचं ऊन, बोअरचं पाणी, रबरबँड आणि फणीचे हिसडे त्याने सोसलेले असतात. मुळाजवळचा भाग मात्र जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. आपण स्ट्रेटनर फिरवतो तेव्हा दोघांनाही सारखाच चटका देतो. वर शेंडे नीट सरळ झाले नाहीत म्हणून त्यांच्यावरूनच आणखी दोनदा फिरवतो. लांब केसांची वाट लागते ती बहुतेक वेळा इथे.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: एका बटेवरून स्ट्रेटनर एकदाच जावा आणि तेवढ्यात काम व्हावं. ‘स्प्रे कोणता घेऊ?’ हा प्रश्न सगळ्या जणी आधी विचारतात. माझ्या यादीत तो बराच खाली येतो.

आधी थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं त्यावर आहे

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना बंधांनी धरून ठेवतात. त्यातले दोन प्रकार आपल्या कामाचे. हायड्रोजन बंध कच्चे असतात. पाणी लागलं की सुटतात, उष्णतेने सुटतात आणि केस सुकून गार झाला की त्या वेळी तो ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. घरचा स्ट्रेटनर चालतो तो या बंधांवर. डायसल्फाइड बंध पक्के असतात. ते तोडायला रिबाँडिंगची, म्हणजे केस कायमचे सरळ करण्याची, रसायनं लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तापमान वाढवल्याने केस जास्त दिवस सरळ राहत नाहीत. जुलैत दादरला किंवा रत्नागिरीत घराबाहेर पडलात की हवेतली ओल हायड्रोजन बंध सोडवणारच, मग तुम्ही १७० अंशांवर केलेले असोत की २३० वर. दुसरी, कोरड्या केसातलं केराटिन साधारण २२० ते २४० अंश सेल्सिअसला कायमचं बिघडतं, पण पाण्याने भरलेल्या केसात तेच १५० च्या आसपास होतं. बाजारातले बरेच स्ट्रेटनर २०० च्या पुढे तापतात. ओल्या केसावर असा स्ट्रेटनर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

काय काय लागेल

- तापमानाचा आकडा दिसणारा आणि बदलता येणारा स्ट्रेटनर. ज्याला फक्त चालू-बंद बटण असतं तो स्वस्त मिळतो, पण तो नेमका किती तापलाय हे आपल्याला कळत नाही. लांब केसांना तो नकोच.
- प्लेटची रुंदी अडीच सेंटीमीटर चालते. दाट आणि लांब केस असतील तर साडेतीन-चार सेंटीमीटरची बरी, बटा कमी पाडाव्या लागतात.
- ड्रायर, पुढे चपटं नोझल असलेला.
- मोठ्या दातांचा कंगवा आणि एक बारीक दातांचा, शेपटीवाला कंगवा.
- चार-पाच मोठ्या क्लिपा किंवा क्लचर.
- हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेचा मारा कमी करणारा स्प्रे किंवा क्रीम.
- जुना सुती टी-शर्ट किंवा पातळ पंचा.
- स्ट्रेटनर ठेवायला फरशीचा तुकडा किंवा सिलिकॉनचा मॅट. गादीवर, गोधडीवर, ओढणीवर एक क्षणभरसुद्धा ठेवू नका.

घरात जुना स्ट्रेटनर असेल तर तो बंद आणि गार असताना प्लेटवरून बोट फिरवून बघा. सिरॅमिकचा थर कुठे उडाला असेल तर बोटाला खरखर लागते. तिथे केस अडकतो, ओढला जातो आणि जास्त तापतो. असा स्ट्रेटनर फेकून द्या. सिरॅमिक की टायटॅनियम, या वादात फार पडू नका. टायटॅनियम लवकर आणि जास्त तापतं, नवशिकीच्या हातात सिरॅमिक बरं, एवढं पुरे.

१. तेल लावायचं, पण धुण्याआधी

खोबरेल आणि स्ट्रेटनर यांच्यात निदान एक शांपू हवा. ‘थोडं तेल लावून स्ट्रेट केलं की केस जळत नाहीत’ हा सल्ला घरोघरी मिळतो. प्रत्यक्षात तेलाचा थर केसाबरोबर तापतो, धुरकट वास येतो, प्लेटवर चिकट काळा थर बसतो आणि पुढच्या बटा त्यावर अडकतात.

धुण्याआधी लावलेलं खोबरेल मात्र खरंच कामाचं आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केसातून प्रथिन निघून जाण्याचं प्रमाण कमी करणारं त्यात एकटं खोबरेल ठरलं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच हे वाचावं, पण आजीचा अनुभवही तेच सांगतो. आदल्या रात्री किंवा न्हाण्याआधी दोन तास शेंड्यांना लावा, मुळांना कमी.

२. धुणं

शांपू टाळूला, कंडिशनर कानाच्या खाली. शेंड्यांना शांपू चोळू नका. वरून येणारा फेस त्यांना पुरतो. कंडिशनर लावल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यांकडून वर वर येत गुंता काढा, मग धुवा.

सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. केस राठ लागतो आणि स्ट्रेटनर सरकायला अडखळतो. शेवटचे दोन-तीन मग फिल्टरच्या पाण्याचे घ्या. शिकेकाईची भुकटी वापरत असाल तर त्या दिवशी ती नको, तिचे कण दाट केसांतून पूर्ण निघत नाहीत.

३. पूर्ण कोरडे करणं

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत वगळली जाते तीही हीच.

केसात पाणी शिल्लक असताना गरम प्लेट दाबली की ते आतल्या आत उकळून वाफ होतं आणि बाहेर पडायला जागा नसल्याने केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘बबल हेअर’ म्हणतात. असा केस त्या जागी पोकळ होतो आणि नंतर फणीच्या एका ओढीने तिथेच तुटतो. फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यावर होतो तसा चर्र आवाज स्ट्रेटनरखालून आला, तर हात तिथेच थांबवा. ती वाफ स्प्रेची आहे की केसातल्या पाण्याची, यावर विचार करत बसू नका. ड्रायर घ्या.

न्हाऊन आल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, झटकू नका. टी-शर्टमध्ये केस गुंडाळून नुसते दाबत पाणी टिपा. मग अर्धा तास मोकळे सोडा आणि त्यानंतर ड्रायर.

‘ड्रायर वाईट, आपोआप वाळलेले केस चांगले’ असं आपण धरून चालतो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं. ड्रायर १५ सेंटीमीटरवर धरला तर केसाजवळ सुमारे ४७ अंश तापमान मिळालं, १० सेंटीमीटरवर ६१ आणि ५ सेंटीमीटरवर ९५. जवळ नेला तसं वरच्या थराचं नुकसान वाढत गेलं. पण १५ सेंटीमीटरवर, सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरने केलेलं नुकसान आपोआप वाळलेल्या केसांपेक्षा कमी होतं. केस तासन् तास ओला आणि फुगलेला राहणं हेही त्याला मानवत नाही. त्यामुळे एक वीत अंतर ठेवा, हात हलता ठेवा आणि झोत मुळांकडून शेंड्यांकडे सोडा. त्या दिशेने वरच्या थराचे खवले खाली बसतात आणि निम्मं सरळ होण्याचं काम ड्रायरच करून देतो.

केस कोरडे झालेत हे ओळखायचं कसं? वरून हात फिरवून कळत नाही. लांब, दाट केसांत मानेवरचा आणि आतला थर शेवटपर्यंत ओलसर राहतो. तिथली बट घेऊन गालाला किंवा ओठाला लावा. गार लागली तर पाणी आहे. पंख्याखाली नाही, पंखा बंद करून दहा मिनिटांनी ही परीक्षा घ्या.

पंख्याचा विषय निघालाच आहे तर: मे महिन्यात पंखा बंद करून स्ट्रेटनर चालवला की टाळूला घाम येतो आणि मुळं पुन्हा ओली होतात. पंखा चालू ठेवला तर बटा उडतात आणि हातात सापडत नाहीत. टेबलफॅन पायांकडे ठेवणं हा मला सापडलेला मधला मार्ग आहे. शक्यतो सकाळी लवकर किंवा रात्री करा.

४. हीट प्रोटेक्टंट

हा कवच नाही. उष्णता केसात शिरण्याचा वेग तो कमी करतो आणि प्लेट सरकायला मदत करतो, बस्स. बाटलीवर ‘२३० अंशांपर्यंत संरक्षण’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २३० वर लावा असा घेऊ नका.

दुकानात घटकांची यादी वाचा. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्झेन, फिनाइल ट्रायमेथिकोन या सिलिकॉनपैकी काहीतरी वरच्या पाच-सहा नावांत दिसलं तर ठीक. ‘हेअर सीरम’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत हेच असतं, पण चमक आणायचं आणि उष्णता झेलायचं प्रमाण वेगळं असू शकतं. म्हणून बाटलीवर उष्णतेचा उल्लेख आहे का ते बघून घ्या.

क्रीम असेल तर ओलसर केसांवर, ड्रायरच्या आधी लावा. स्प्रे बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ओल्या किंवा कोरड्या केसांवर. कोरड्यावर मारला तर कंगवा फिरवून तो पूर्ण सुकेपर्यंत थांबा, नाहीतर तिसऱ्या पायरीवरची सगळी मेहनत पाण्यात. लांब केसांत चूक होते ती प्रमाणाची: सगळा स्प्रे वरच्या थरावर बसतो आणि आतल्या शेंड्यांना थेंबही मिळत नाही. भाग पाडून, कानाखालून शेंड्यांपर्यंत मारा. हेअरस्प्रे, मूस, जेल यांपैकी काहीही आधी नको. त्यांत केस जागच्या जागी धरणारे चिकट घटक असतात आणि ते केसाला प्लेटवर चिकटवतात.

५. तापमान

- बारीक, मऊ केस: १४० ते १५०.
- रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस: १५० च्या वर नाही.
- मध्यम जाडीचे, थोडे वळणारे: १६० ते १७०.
- जाड, दाट, कुरळे: १८०, फार तर १९०.

हे सगळे अंश सेल्सिअस. अमेरिकेतून आणलेल्या स्ट्रेटनरवर आकडे बहुतेक वेळा फॅरनहाइटमध्ये असतात. त्यावरचे ३५० म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअस आणि ४५० म्हणजे २३२. भावाने अमेरिकेहून आणलेल्या मशिनवर ‘४१०’ बघून घाबरायचं नाही, ते २१० सेल्सिअस आहे, खाली आणायचं. ‘कमीच आहे’ म्हणून ४५० वर तर न्यायचंच नाही.

पांढरे केस असतील आणि तुम्ही रंगवत नसाल, तर आणखी खाली राहा. जास्त तापमानाने पांढरा केस पिवळट पडतो आणि तो रंग धुऊन जात नाही.

सुरुवात मानेवरच्या, न दिसणाऱ्या बटेपासून, वरच्या यादीतल्या सगळ्यात कमी आकड्यावर करा. एका फेरीत बट सरळ झाली तर तेच तुमचं तापमान. नाही झाली तर दहा अंश वाढवा आणि शेजारची नवी बट घ्या, तीच नको.

६. भाग पाडा

मधोमध भांग काढा, मग कानापासून कानापर्यंत आडवी रेघ. चार भाग झाले. वरचे दोन क्लिपांनी बांधून टाका. खालच्यातून एका वेळी एक बोटभर जाडीचा थर सोडा आणि त्यातून प्लेटच्या रुंदीपेक्षा थोडी कमी रुंद बट घ्या. प्लेटा मिटल्यावर बाजूने केस बाहेर डोकावत असतील तर बट जाड आहे. जाड बट घेतली की आतले केस कोरेच राहतात, मग दुसरी फेरी आली, तिसरी आली. बारीक बटांनी वेळ जास्त लागतो असं वाटतं खरं. दाट केसांना तास-सव्वा तास धरून चाला आणि लग्नाला निघायच्या अर्धा तास आधी हे काम काढू नका.

७. एकच फेरी

बट खालून वर, शेंड्यांपासून सुरू करून विंचरा. गुंता असलेल्या बटेवर प्लेट नेलीत तर तो गुंता तिथे पक्का बसतो.

आता मुळापासून दोन बोटं सोडून प्लेट मिटा. बारीक दातांचा कंगवा प्लेटच्या पुढे, त्याच बटेत धरा आणि दोन्ही हात एकत्र खाली आणा. कंगवा केस वेगळे करत पुढे जातो, मागून प्लेट येते. पहिल्या दिवशी हात गोंधळतात. स्ट्रेटनर बंद ठेवून आरशासमोर थोडा सराव करा. एका फेरीत काम होण्यात या कंगव्याचा वाटा महागड्या स्प्रेपेक्षा मोठा आहे.

वेग एका सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर, सलग. मध्ये थांबलात तर त्या जागी आडवी घडी पडते आणि ती मोडायला पुन्हा चटका द्यावा लागतो. दाब हलका, प्लेटा नुसत्या मिटलेल्या. जोरात दाबल्याने केस जास्त सरळ होत नाही, ओढला जातो.

शेवटच्या वीतभर अंतरात वेग थोडा वाढवा आणि दाब सोडत न्या. शेंडे किंचित आत वळलेले राहिले तर राहू द्या. काचेसारखे टोकदार सरळ शेंडे हे पार्लरच्या फोटोंतलं खूळ आहे. लांब केसांत थोडा बाक छान दिसतो आणि फाटे फुटलेले असतील तर तेही झाकतो.

८. गार होऊ द्या

हायड्रोजन बंध केस गार होताना जुळतात हे वर आलंच आहे. म्हणून झालेली बट पाठीवर मोकळी सोडा आणि तिला हात लावू नका. गरम केस लगेच कानामागे टाकले, क्लचर लावला किंवा खांद्यावरून पुढे घेतले की तो आकार पक्का होतो आणि पुन्हा मशीन हातात येतं. सगळं झाल्यावर दहा मिनिटांनी कंगवा. मग हवं तर तळहातावर सीरमचे दोन थेंब, फक्त शेंड्यांना.

दुसऱ्या दिवशी खोपा घालून गजरा माळायचा असेल तर मुळात स्ट्रेट करू नका. गुळगुळीत केसांत पिना टिकत नाहीत आणि सबंध कार्यक्रमात हात डोक्याकडेच राहतो.

पुढचे दोन-तीन दिवस

आठवड्यातून एकदा ही माझ्या मते वरची मर्यादा आहे. कमरेपर्यंत केस असतील तर कार्यक्रमापुरतंच बरं. त्यामुळे एकदा केलेले टिकवायला शिका. जुन्या रेशमी साडीचा तुकडा उशीवर घाला, सुती अभ्र्यावर केस घासून फुगतात. झोपताना सैल पोनी, कापडी रबरबँडने. आंघोळीला शॉवर कॅप. सकाळी कपाळावरच्या दोन बटा वाकड्या झाल्या असतील तर तेवढ्याच, कमी तापमानावर. सगळ्या केसांवर पुन्हा फिरवायचा मोह आवरा. सिलिकॉनचे थर साचून केस जड वाटू लागले तर महिन्यातून एकदा क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेले थर काढणारा, शांपू लावा आणि त्यानंतर कंडिशनर चुकवू नका.

पार्लरमध्ये करणार असाल तर

लग्नसराईत पार्लरवाल्या ताईला पुढच्या तिघी वाट बघत असतात. तिला वेळ वाचवायचा असतो, तुम्हाला केस. खुर्चीवर बसतानाच सांगा: ताई, तापमान १८० च्या वर नको आणि आधी केस पूर्ण वाळवा. प्रोटेक्टंट स्वतःचा न्या. केस धुऊन, वाळवूनच जा, म्हणजे निम्मा वाद मिटतो. ‘स्ट्रेटनिंग’ म्हणताना रोजचं स्ट्रेटनर की रिबाँडिंग-केराटिन, हे स्पष्ट करा. केराटिन ट्रीटमेंट सुचवली तर बाटलीवरचे घटक विचारा. त्यात फॉर्माल्डिहाइड सोडणारी रसायनं किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल असू शकतं आणि या आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये केली आहे. रोजच्या स्ट्रेटनरचा त्याच्याशी संबंध नाही.

कधी थांबायचं

कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलाय. रोज काही केस असे गळतातच. गाठ नसलेले आखूड तुकडे दिसत असतील तर केस तुटतोय. शेंड्यांजवळ दांड्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले, तर त्या ठिकाणी तो लवकरच तुटणार आहे. दोन महिने स्ट्रेटनर बंद ठेवा आणि ठिपक्यांच्या वरून शेंडे कापून घ्या. फुटलेला फाटा कोणतंही क्रीम जोडत नाही, ते फक्त चिकटवून ठेवतं, पुढच्या धुण्यापर्यंत.

भाजलं तर, आणि प्रवासात

कान, मान आणि कपाळ या भाजण्याच्या ठरलेल्या जागा. लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही नको. मोठा फोड आला तर डॉक्टर.

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत जात असाल तर मशिनवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलंय का बघा. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२०. फक्त २३० चा स्ट्रेटनर तिथे कोमट होऊन बसतो आणि तिकडचा एकेरी व्होल्टेजचा इथे लावला तर जळतो. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.